वडिलांना सात महिने चक्कर येते आहे आणि सर्व रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहेत. आता कोणाकडे जावे आणि काय तपासून घ्यावे?

प्रश्न : वाईकर

नमस्कार. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते आणि आई वाईलाच राहतात. मी पुण्यात असते आणि दर पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार धरून घरी जाते. गेले सात महिने अण्णांना अधूनमधून चक्कर येते. इतके डॉक्टर झाले, इतके कागद जमले, तरी ती का येते हे आम्हाला कोणीही सांगू शकलेले नाही.

सुरुवात दिवाळीच्या सुमारास झाली. जेवून पाटावरून उठताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी भिंतीचा आधार घेतला. पित्त झाले असेल म्हणून आम्ही कोकम सरबत दिले आणि विषय सोडून दिला. फेब्रुवारीत एका रात्री लघवीला उठले असताना ते न्हाणीघराच्या दारात पडले आणि कपाळाला तीन टाके पडले. त्यानंतर महिन्यातून दोन-तीनदा असे काहीतरी होतेच. मी स्वतः हा प्रकार एकदाच पाहिला आहे. अण्णा ओसरीवर खुर्चीत बसून पेपर वाचत होते, हातात चहाचा कप होता. बोलता बोलता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, मान किंचित पुढे झुकली आणि कप हातातून निसटला. मी धावत जाऊन खांदा धरला तोवर ते सावध झाले होते आणि लेंग्यावर सांडलेला चहा बघून ‘हे कसं सांडलं?’ असे मलाच विचारत होते. सारे मिळून आठ-दहा सेकंद गेले असतील.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वयोमानामुळे होते असे सांगून बीटाहिस्टीनची गोळी दिवसातून तीनदा सुरू केली. अस्थिरोगतज्ज्ञांनी मानेचा एक्स-रे काढून मणक्यांची झीज दाखवली आणि पट्टा दिला. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ऐकण्याची तपासणी करून कानात विशेष दोष नसल्याचे सांगितले. मेंदूच्या एमआरआयमध्ये ‘वयानुसार बदल’ एवढेच आले. ईसीजी नॉर्मल आहे. प्रत्येकाने आपापल्या भागापुरते तपासले आणि तो भाग ठीक असल्याचे सांगून पुढे पाठवले. चार फायली झाल्या आहेत, पण त्या चारही फायली एकत्र ठेवून वाचणारा डॉक्टर अजून भेटलेला नाही.

त्यांच्या गोळ्या अशा आहेत : रक्तदाबासाठी अम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली एक, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिन, आणि आता ही बीटाहिस्टीन. अण्णा म्हणतात, ‘वय झालं की चक्कर यायचीच, तू कशाला रजा काढतेस?’ मला मात्र ते पटत नाही. पुढे नेमक्या कोणत्या डॉक्टरांकडे जावे, कोणत्या तपासण्या मागाव्यात, आणि आपण अडाणीपणाने वाद घालतो आहोत असे डॉक्टरांना न वाटू देता हा विषय लावून कसा धरावा, हे ज्यांना अनुभवाने ठाऊक असेल त्यांनी कृपया सांगावे.


प्रतिसाद : निवृत्त परिचारिका

ताई, मी ३४ वर्षे सरकारी रुग्णालयात नोकरी केली आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे मेडिसिनच्या वॉर्डात काढली. तिथे मी जे पाहिले त्यावरून सांगते, निदान नाही.

‘चक्कर’ हा शब्दच पहिली अडचण आहे. आपल्याकडे माणसे चार वेगळ्या गोष्टींना चक्करच म्हणतात. एकाला घर गरगर फिरताना दिसते. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आता आपण पडणार असे वाटते. तिसऱ्याचे डोके ठीक असते, पण चालताना पाय लटपटतात. चौथ्याला नुसतेच डोके हलके झाल्यासारखे वाटते. पहिल्यात कानाकडे बघायचे असते, दुसऱ्यात रक्तदाबाकडे आणि हृदयाकडे, तिसऱ्यात नसा, सांधे, नजर आणि मेंदूकडे. चौथ्यात अशक्तपणापासून काळजीपर्यंत काहीही निघू शकते. ओपीडीच्या गर्दीत रुग्ण ‘चक्कर येते’ एवढेच म्हणतो आणि डॉक्टर तेवढ्यावर गोळी लिहितात. म्हणून अण्णांना शांतपणे बसवून विचारा, आणि तुमचा शब्द त्यांच्या तोंडी न घालता त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. एकाच माणसाला दोन प्रकारची चक्कर असू शकते, हेही लक्षात ठेवा. तुमच्या वर्णनावरून मला तसेच वाटते.

दुसरे, झोपून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब कोणी मोजला आहे का? बहुतेक ठिकाणी खुर्चीत बसवून एकदाच मोजतात. अण्णांना पाच मिनिटे आडवे झोपू द्या, दंडावर पट्टा तसाच ठेवून मोजा, मग उभे करा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभे राहिल्यावर रक्तदाब पडतो असे धरतात. शेजारी कोणीतरी उभे असल्याशिवाय हे करू नका. सकाळी उठल्यावर एकदा आणि जेवणानंतर तासाभराने एकदा, असे चार-पाच दिवस करा, कारण काही वृद्धांचा रक्तदाब जेवणानंतरही खाली येतो.

तिसरे, करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेक घरांच्या कपाटात पडून आहे. त्याच्यात सेल घाला आणि आईंच्या हाताशी ठेवा. अण्णांना पुन्हा तसे झाले की बोटाला लावून त्यावरचा नाडीचा आकडा वाचायचा. आकडा उमटलाच नाही, तर मनगटावर नाडी चाचपडून ती लागते का, संथ आहे का, एवढे तरी पाहायचे. मधुमेहाची गोळी आहे म्हणून त्याच वेळी ग्लुकोमीटरने साखरही मोजावी. तुमच्या घरी चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपास होत असेल, तर उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड घ्यायची की नाही हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या. उपाशीपोटी ही गोळी साखर फार खाली नेऊ शकते.

या सगळ्यासाठी एक साधी वही करा. त्यात तारीख, वेळ, काय करत होते, बसले होते की उभे, किती वेळ टिकले, रंग कसा होता, नाडी, साखर आणि नंतर त्यांना किती आठवले हे लिहा. आणि आजपासूनच न्हाणीघराला आतून कडी लावू देऊ नका.


प्रतिसाद : चिपळूणची सून

माझ्या सासूबाईंना वयाच्या ६८ व्या वर्षी जवळजवळ वर्षभर चक्कर येत होती आणि आम्हीही मानेच्या पट्ट्यापासून सगळे केले. त्यांची चक्कर वेगळी होती, तरी सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी तशीच असेल.

त्यांना अंथरुणात उजव्या कुशीवर वळताना, फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढताना किंवा दांडीवर कपडे वाळत घालताना मान वर केली की सगळे घर फिरायचे. अर्ध्या मिनिटात थांबायचे, पण त्या इतक्या घाबरायच्या की नंतर दिवसभर अंथरुण सोडत नसत. शेवटी रत्नागिरीला एका तरुण कान-नाक-घसा डॉक्टरांनी त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवले, मान एका बाजूला वळवली आणि डोके टेबलाच्या कडेखाली जाईल असे पटकन आडवे केले. दोन-चार सेकंदांतच त्यांचे डोळे लटलट हलू लागले. डॉक्टरांनी मला जवळ बोलावून ते डोळे दाखवले आणि म्हणाले, ‘हे बघा, हेच निदान.’ कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की असे होते. या तपासणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. नंतर त्यांनी डोके ठराविक क्रमाने वळवत ते कण परत जागेवर आणले, त्याला एप्लीची पद्धत म्हणतात. सगळे मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत. त्याआधी सासूबाईंनी अकरा महिने गोळ्या घेतल्या होत्या. सव्वा वर्षाने त्रास पुन्हा झाला तेव्हा आम्ही थेट त्याच डॉक्टरांकडे गेलो आणि एका भेटीत काम झाले.

तुम्ही विचारून पाहा की कानाच्या डॉक्टरांनी अण्णांची ही आडवे करून बघण्याची तपासणी केली होती का. ऐकण्याची तपासणी नॉर्मल असली तरी हा दोष असू शकतो. पण मला तुमच्या अण्णांचे तसे वाटत नाही. कण हलल्यामुळे चेहरा पांढरा पडत नाही आणि हातातला कपही सुटत नाही.


प्रतिसाद : नागपूरचा मुलगा

दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण या दोन्हींची किंमत आमच्या वडिलांनी मोजली.

पहिली ही की चक्करेच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू ठेवू नयेत. आमच्या वडिलांना सिनारिझिन दिली होती आणि ती औषधाच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर सव्वा दोन वर्षे येत राहिली. हळूहळू त्यांची चाल मंदावली, चेहऱ्यावरचे भाव गेले आणि उजवा हात कापू लागला. पार्किन्सन म्हणून उपचार सुरू होण्याच्या बेतात असताना मेंदूविकारतज्ज्ञांनी औषधांची यादी मागितली आणि ती गोळी बंद केली. पूर्ववत व्हायला सात-आठ महिने लागले. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन या दोन्हींमुळे असे होऊ शकते, विशेषतः वृद्धांमध्ये. अण्णांच्या बीटाहिस्टीनमुळे हा त्रास होत नाही, पण कानाचा दोष सापडलेला नसताना ती तरी कशासाठी चालू आहे, हे विचारायला हवे.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘फुल बॉडी चेकअप’च्या नादी लागू नका. आम्ही दोनदा केले. साठ-सत्तर आकड्यांचा कागद हाती येतो, पण चक्कर येण्याच्या क्षणी काय घडले हे त्यात कुठेच नसते. मानेतल्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणीही आमच्याकडे अशीच झाली. निव्वळ चक्करेचे कारण त्या तपासणीत क्वचितच सापडते, हे आम्हाला नंतर समजावून सांगितले गेले.


प्रतिसाद : तालुक्यातला डॉक्टर

मी तालुक्याच्या गावी ३१ वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. रुग्णाला न तपासता मत देणे योग्य नाही, पण आपल्या वर्णनातल्या एका वाक्यावर थांबणे मला आवश्यक वाटते. कप निसटला आणि नंतर अण्णांनी ‘हे कसं सांडलं?’ असे विचारले. ज्याला नुसती चक्कर येते त्याला कप सांडल्याचे कळते. ज्याला कळले नाही तो काही सेकंद बेशुद्ध होता. वृद्ध माणसांना आपली शुद्ध हरपली होती हे पुष्कळदा आठवतच नाही आणि ते प्रामाणिकपणे ‘जरा चक्कर आली’ असे सांगतात. त्यामुळे तुमच्या चारही फायलींवर ‘चक्कर’ हा शब्द आहे आणि तपास त्या शब्दाच्या मागे गेला आहे. माझ्या मते, बसलेल्या अवस्थेत, काहीही पूर्वसूचना न देता, चेहरा पांढरा पडून आलेली क्षणिक बेशुद्धी असे आता लिहिले गेले पाहिजे. हा शब्द बदलला की डॉक्टरही बदलतो आणि तपासण्याही बदलतात. अशा वर्णनात हृदयाची लय मध्येच फार मंदावते किंवा थांबते का, हे आधी पाहावे लागते, आणि त्यात महिनाभर थांबू नये.

ईसीजी नॉर्मल आहे हे खरे, पण ईसीजी म्हणजे सुमारे १० सेकंदांची नोंद. दिवसाला ८६,४०० सेकंद असतात. अण्णांना महिन्यातून दोन-तीनदा त्रास होतो, तो त्याच १० सेकंदांत सापडणे जवळजवळ अशक्य आहे. हॉल्टर, म्हणजे २४ तास अंगावर लावून हृदयाच्या ठोक्यांची सतत नोंद घेणारे यंत्र, त्याच्याबाबतही हेच म्हणता येईल. हॉल्टर लावला त्या दिवशी त्रास झाला आणि लय नीट राहिली, तर तो नॉर्मल रिपोर्ट मोलाचा आहे. त्या दिवशी त्रास झालाच नसेल, तर त्या रिपोर्टने काहीही सिद्ध झालेले नाही. हे वाक्य मी रुग्णांच्या मुलांना कागदावर लिहून देतो, कारण ‘हॉल्टर नॉर्मल’ म्हटले की तपास तिथेच थांबतो. अशा वेळी सात किंवा चौदा दिवस छातीवर राहणारे नोंदयंत्र मागावे. तरीही काही सापडले नाही आणि संशय कायम असला, तर छातीच्या कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर असतो, तो सुमारे तीन वर्षे नोंद ठेवू शकतो. सोबत इकोकार्डिओग्राम, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून हृदयाची महाधमनीकडची झडप अरुंद झालेली नाही ना, हे पाहून घ्यावे.

आता औषधे. पाटावरून उठताना आणि रात्री लघवीला उठताना झालेले प्रकार मला वेगळे वाटतात. टॅम्सुलोसिनने उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो, क्लोरथॅलिडोन पाणी आणि मीठ बाहेर टाकते, आणि दोन्ही मिळून ७६ वर्षांच्या माणसाला रात्री तीन वाजता न्हाणीघराच्या दारात पाडू शकतात. क्लोरथॅलिडोनने रक्तातले सोडियमही कमी होते. म्हणून हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि बी-१२ एवढे रक्तात तपासावे; मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणि शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता नेहमी आढळते. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

एक प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर कृपया अण्णांच्या उशापाशी पाहून द्या. ते डोळ्यांत थेंब घालतात का? काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलोलचे थेंब डोळ्यांतून नाकाच्या मार्गाने थेट रक्तात जातात आणि हृदयाचे ठोके मंद करू शकतात. घरातले लोक थेंबांना औषध समजतच नाहीत, त्यामुळे ते कोणत्याही यादीत येत नाहीत.

मानेच्या एक्स-रेबद्दल एवढेच सांगतो की साठी उलटलेल्या बहुतेकांच्या मानेत झीज दिसते, ज्यांना कधी चक्कर आली नाही त्यांच्याही. ती दिसली म्हणजे कारण सापडले असे होत नाही.

कोणाकडे जावे? आधी एका फिजिशियनकडे, म्हणजे एम.डी. मेडिसिन झालेल्या डॉक्टरांकडे जा. साताऱ्यात किंवा पुण्यात, जिथे तुम्ही स्वतः सोबत बसू शकाल तिथे. चारही फायली त्यांच्याकडेच ठेवा आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे त्यांच्या चिठ्ठीने जा. एका पानावर घटनांचा क्रम, सर्व औषधे आणि झोपून-उभे राहून घेतलेला रक्तदाब लिहून न्या. वाद घालण्याची गरज पडत नाही, तीन प्रश्न नम्रपणे विचारले तरी पुरते : ही क्षणिक बेशुद्धी हृदयाच्या लयीमुळे नाही हे आपण कशावरून म्हणतो? यातली कोणती औषधे याला कारण असू शकतात? आणि हा रिपोर्ट नॉर्मल आला तर पुढची पायरी कोणती? तिसरा प्रश्न तपासणी होण्याआधीच विचारावा.

दरम्यान जीभ जड होणे, एकाचे दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हातापायाची ताकद जाणे, उभेच राहता न येणे, अचानक असह्य डोकेदुखी, छातीत दुखणे, काळी शौच किंवा पुन्हा पूर्ण बेशुद्धी यांपैकी काहीही झाले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. आणि निदान होईपर्यंत अण्णांनी स्कूटर चालवू नये, विहिरीवर किंवा घाटावर एकटे जाऊ नये.


प्रतिसाद : वाईकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून मी रात्रीच आईला फोन केला. तिने उशापाशी पाहिले आणि बाटलीवरचे नाव एकेक अक्षर करून वाचून दाखवले. टिमोलोलच आहे. गेली दीड वर्षे सकाळ-संध्याकाळ. सात महिन्यांत एकाही डॉक्टरांना ते ठाऊक नव्हते, कारण आम्ही कोणी सांगितलेच नाही. मी ऑफिसला कळवले आणि सकाळच्या पहिल्या गाडीने घरी आले आहे. बाकी सविस्तर तपासण्या झाल्यावर लिहीन.


प्रतिसाद : वाईकर (नऊ आठवड्यांनंतर)

आता बरेचसे स्पष्ट झाले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही साताऱ्याच्या एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी वही उघडली आणि पहिली दहा मिनिटे ते काहीच बोलले नाहीत, नुसते वाचत होते. मग त्यांनी स्वतः अण्णांना आडवे करून रक्तदाब मोजला. तो १४६/८० होता, उभे राहिल्यावर एका मिनिटाने ११८/७० आणि तीन मिनिटांनी ११४/६८ झाला. अण्णा झोपलेले असताना नाडी ४८ होती आणि उभे राहिल्यावर ती ५० च्या वर गेली नाही. रक्तदाब इतका उतरल्यावर निरोगी हृदयाने वेग वाढवायला हवा होता, याकडे त्यांनी आमचे लक्ष वेधले. सोडियम १२७ निघाले, ते १३५ ते १४५ असावे लागते. त्यांनी क्लोरथॅलिडोन बंद केली, ग्लिमेपिराइड अर्धी केली आणि बीटाहिस्टीनही थांबवली. डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. त्यांनी टिमोलोल बंद करून रात्री एकदाच घालायचे लॅटानोप्रोस्टचे थेंब दिले आणि दोन आठवड्यांनी डोळ्यांतला दाब पुन्हा तपासला. प्रोस्टेटच्या गोळीचा निर्णय मूत्ररोगतज्ज्ञांवर सोपवला आहे.

तीन आठवड्यांत सोडियम १३६ वर आले आणि उठताना तोल जाणे पूर्ण थांबले. नाडी ५६-५८ झाली. आम्हाला वाटले, संपले. पण बसल्या जागी होणारा प्रकार एकदा पुन्हा झालाच. २४ तासांचा हॉल्टर झाला आणि त्या दिवशी काहीच घडले नाही. रिपोर्टवर ‘विशेष दोष नाही’ असे होते आणि तिथल्या सहायकांनी ‘अभिनंदन’ही म्हटले. डॉक्टरसाहेबांचे वाक्य माझ्याजवळ लिहिलेले नसते, तर मी तो कागद घेऊन घरी परतले असते. मी हृदयरोगतज्ज्ञांना एवढेच विचारले की त्या दिवशी त्रास झाला नव्हता, तर यावरून काय ठरते? त्यांनी क्षणभर विचार केला आणि सात दिवसांचे यंत्र लावले.

पाचव्या दिवशी अण्णा देवपूजेला बसले होते. आईच्या वहीतली नोंद मी तशीच इथे देते : ‘सकाळी १०.४०. पाटावर बसलेले. गंध उगाळताना हात थांबला. चेहरा पांढरा. ऑक्सिमीटरला आकडा नाही, मनगटाला नाडी नाही, मग एकदम लागली. साखर १३२. त्यांना आठवत नाही.’ आईचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. यंत्राच्या नोंदीत त्याच दिवशी १० वाजून ४० मिनिटांनी हृदय ४.६ सेकंद थांबलेले आहे. डॉक्टरांनी ती पट्टी आणि ती वही शेजारी शेजारी ठेवून आईला दाखवली. ठोका जिथून सुरू होतो ती हृदयातली जागाच थकली आहे, थेंबांनी त्यात भर घातली होती, पण मूळ दोष थेंबांचा नाही, असे त्यांनी समजावून सांगितले.

पेसमेकर बसवायचे ठरले आहे. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली. ७० वर्षे आणि त्यावरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांनी या योजनेचे वय वंदना कार्ड आधीच काढून ठेवावे आणि निवडलेले रुग्णालय त्या योजनेत आहे ना, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

अण्णा आता ‘वय झालं’ असे म्हणत नाहीत, पण ते मनातून घाबरले आहेत. मोबाइल वापरता येईल का, सायकल चालवता येईल का, पूजा करताना हात वर नेता येईल का, असे ते मला पुन्हा पुन्हा विचारतात. परिचारिकाताई, तुम्ही सांगाल का?


प्रतिसाद : निवृत्त परिचारिका

ताई, वाचून डोळे भरून आले. आईंना माझा नमस्कार सांगा. वॉर्डात शिकून तयार झालेल्या मुलींनाही अशी नोंद लिहायला आम्हाला वर्ष लागायचे.

अण्णांना सांगा की मोबाइल वापरता येतो, फक्त तो खिशात पेसमेकरवर ठेवायचा नाही, १५ सेंटीमीटर तरी लांब, आणि बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायचा. ज्या बाजूला पेसमेकर बसवतील त्या बाजूचा हात सुरुवातीचे काही आठवडे, साधारण चार ते सहा, खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि त्या हाताने बादली उचलायची नाही. मात्र हात गळ्यात बांधून अगदी स्थिरही ठेवू नका, नाहीतर खांदा आखडतो. कोपर आणि बोटे हलवत राहायची. देवघर उंचावर असेल, तर तेवढे दिवस देवांना खाली पाटावर आणा. सायकल कधी सुरू करायची हे जखम भरल्यावर हृदयरोगतज्ज्ञच सांगतील.

इंडक्शनची शेगडी असेल तर तिच्यापासून दोन फूट अंतर ठेवावे. गॅसच्या शेगडीचा काही त्रास नाही. बसवण्यापूर्वी डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचारा : पुढे एमआरआय काढता येईल असे हे यंत्र आहे का? पेसमेकरचे ओळखपत्र देतात, ते अण्णांच्या पाकिटात आणि त्याची झेरॉक्स आईंजवळ ठेवा. जखम लाल झाली, सुजली, पाणी आले किंवा ताप आला, तर घरी लेप वगैरे न लावता त्याच दिवशी दाखवायला न्या. पहिली तपासणी कधी आहे ती तारीख सुटी मिळताना लिहून घ्या, आणि ती वही बंद करू नका.